लिलावात काय द्यावं, काय ठेवावं? (पणजोबांची पेटी, दोन पदकं आणि एक काळी 'मडम')

मोमिनाबादकर :
राम राम मंडळी. आमचा अंबाजोगाईचा वाडा पाडायला काढलाय. चार चुलत भावांत वाटण्या झाल्या. कुणाला जागा, कुणाला सागवान, आणि माडीवरची पणजोबांची पेटी माझ्या नावावर पडली. पितळी पट्ट्यांची, आत कप्प्यात कप्पा. किल्ली काही सापडली नाही, शेवटी बिजागऱ्या काढल्या.

आतून निघालं ते असं. दोन पदकं, लाल फडक्यात बांधलेली, सोबत मोडीतली एक चिठ्ठी. एक पदक चांदीचं दिसतंय, त्यावर गोऱ्या राजाचं डोकं आणि मागं उघडाबंब माणूस घोड्यावर. दुसरं पिवळट तांबूस, त्यावर पंख असलेली बाई. घोड्यावरचा खंडोबा, चार बोटांचा, झिजून गुळगुळीत झालेला. दोन अडकित्ते, एक तस्त. आणि पेटीत नाही, पण माडीच्या कोनाड्यात पिढ्यान् पिढ्या उभी असलेली, हातात दिवा धरलेली काळी बाई. दोन फूट उंच, एक बोट तुटलेलं. आम्ही पोरं तिला मडम म्हणायचो. पणजोबांनी एका जहागीरदाराच्या हर्रासात घेतली, असं आजी सांगायची.

परवा संभाजीनगरहून जुन्या वस्तूंचा एक माणूस येऊन गेला. मडमभोवती तीन चकरा मारल्या, ब्राँझ आहे, फ्रान्सचं आहे म्हणाला, आणि सगळ्याचे मिळून पस्तीस हजार रोख देतो म्हणाला. "ही चिल्लर पण त्यातच टाका," हे पदकांकडं न बघताच. चुलत भाऊ म्हणायलाय देऊन मोकळा हो, मी म्हणतो मुंबईच्या लिलावात द्यावं. कुणी दिलंय का कधी? पणजोबा पहिल्या महायुद्धात होते हे आम्हाला आत्ता कळायलंय, त्याचंही नवलच. सौ. चिंच लावून पदकं घासून देते म्हणालीय, मग स्वच्छ फोटो टाकतो.

पदकवेडा :
वहिनींना थांबवा!! आधी चिंच खाली ठेवा, मग पुढचं बोलू.

उदगीरची_पोर :
चिंचेची आमटी करा म्हणावं वहिनींना. बाकी वाचायलेय.

पदकवेडा :
आता सविस्तर लिहितो. मी जालन्याचा, गेली बावीस वर्षं पदकं गोळा करतोय, आणि घासून घासून मारलेली पदकं इतकी बघितलीत की विचारू नका. शंभर वर्षांचा काळसरपणा हा पदकाचा दाखला असतो. तो एकदा गेला की परत येत नाही, आणि घासताना सगळ्यात आधी जाते ती कडेवरची अक्षरं. पदकाचा जीव त्या अक्षरांत आहे.

तुमचं चांदीचं ते ब्रिटिश वॉर मेडल, १९१४-२०. पुढं पंचम जॉर्ज, मागं घोडेस्वार, घोड्याच्या टापांखाली शत्रूची ढाल आणि कवटी. वजन तीस ग्रॅमच्या आसपास भरेल. दुसरं व्हिक्टरी मेडल, हे ब्राँझचं, मागं "सभ्यतेसाठीचं महायुद्ध १९१४-१९१९" अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. इंद्रधनुषी फीत असायची, ती उंदरांनी खाल्ली असणार. ही दोन्ही लाखांनी वाटली गेली. त्यामुळं नुसतं पदक म्हणून बाजारात त्यांची फार मोठी किंमत नाही, चांदीच्या तुकड्याला सराफ मोडीचा भाव देतो तेवढीच. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदी भडकली तेव्हा इंग्लंडात ही पदकं ढिगानं भट्टीत गेली. आपल्याकडंही कितीतरी पैंजणं आणि जोडवी मूळची पदकं असतील.

पण ही पदकं निनावी नसतात. कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. कोण माणूस, कोणत्या पलटणीचा, कुठं लढला, यावर बोली चढते. भिंग घ्या, उन्हात बसा, पदक अंगठ्यावर फिरवत कड वाचा. आणि हो, दोन्ही पदकांवर एकच नाव असेल तर त्यांना आयुष्यात वेगळं करू नका. जोडी फुटली की दोन्ही मेली.

खुळखुळा :
आमच्या सरकारनं रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात ४७ लाखांना घेतली, तुमचं पस्तीस हजारांवर काय भागायचंय. वाट बघा.

लातूरकाका :
रघूजीराजांची तलवार कुठं आणि लाखांनी वाटलेलं मेडल कुठं. उगं पोराला हवेत चढवू नका. आमच्या शेजाऱ्याला एकानं राणीछाप रुपयाचे दहा लाख येतात म्हणून सांगितलं, बिचारा सहा महिने यूट्यूब बघत बसला.

तांबट_आळी :
मी धातूवाला आहे, म्हणून मडमबद्दल बोलतो. 'ब्राँझ' हा शब्द आपल्याकडं फार सैल वापरतात. तांबं आणि कथील मिळून कांसं, तेच ब्राँझ. तांबं आणि जस्त मिळून पितळ. भजनातले टाळ, देवळातली घंटा काशाची, म्हणून ती लांबवर गुणगुणत राहते. बाजारात ब्राँझची म्हणून जी मूर्ती विकतात ती दहात आठ वेळा पितळेची असते, त्यावर काळा मुलामा.

आणि तुमच्या मडमला तिसराच संशय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसच्या ओतशाळांनी सगळ्या जगाला सजावटीचे पुतळे विकले. बार्बेदिएनसारख्या नामांकित ओतशाळांचं काम खऱ्या ब्राँझचं. मोठ्या पुतळ्याची लहान प्रतिकृती अचूक काढायचं यंत्रच कोलास नावाच्या माणसानं बनवलं होतं, त्यामुळं एकेका शिल्पाच्या कितीतरी आवृत्त्या निघाल्या. पण ज्यांना ब्राँझ परवडत नव्हतं त्यांच्यासाठी तेच रूप जस्ताच्या मिश्रधातूत ओतून वर ब्राँझचा रंग द्यायचे. त्याला स्पेल्टर म्हणतात. हातात दिवा धरलेल्या बायका तर स्पेल्टरच्या फार निघाल्या, जिन्याच्या कठड्यावर ठेवायला. हैदराबादच्या उमरावांना विलायती पुतळ्यांचं वेड होतंच, सालारजंग म्युझियममधली बुरख्याआडची रेबेका बघा (ती संगमरवरी आहे). मोठ्यांचं बघून लहान जहागीरदारही आणायचे, पण ऐपतीप्रमाणं.

ओळखायचं कसं? मडमला आडवी करा. बुडाला, आतल्या बाजूनं, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी बारीक कानस एकदा ओढा. पिवळं तांबूस चमकलं तर ब्राँझ किंवा पितळ. पांढुरकं राखाडी चमकलं तर स्पेल्टर. दुसरं, तुटलेलं बोट बघा. ब्राँझचं बोट सहसा वाकतं. जस्त ठिसूळ, ते मोडतं, आणि मोडल्या जागी दाणेदार पांढरं दिसतं. तुम्ही "तुटलेलं" लिहिलंय, तिथंच मला पाल चुकचुकली.

उदगीरची_पोर :
बिचारी मडम. शंभर वर्षं कोनाड्यात निमूट उभी होती, आता कानस.

मोमिनाबादकर :
कड वाचली. वाचून घरात सगळे गपगार झालेत. दोन्ही पदकांवर एकच नंबर आणि एकच नाव. हुद्दा सवार, पलटण २० डेक्कन हॉर्स. आणि नाव... अमुक खान. आम्ही तर देशपांडे! आई म्हणतेय नीट वाच, मी चारदा वाचलं. पूर्ण नाव टाकतो, कुणाला माहिती मिळाली तर.

संपादक :
शिपायाचं पूर्ण नाव काढून टाकलं आहे. त्यांचे वारस हयात असू शकतात. खासगी नावं धाग्यात टाकू नयेत ही विनंती.

पदकवेडा :
वा! २० डेक्कन हॉर्स म्हणजे आपल्याच मातीतली पलटण. निजामाच्या पैशावर आणि इंग्रजांच्या हुकमात चालणारी हैदराबाद कंटिंजंट होती ना, तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबादला म्हणजे तुमच्या अंबाजोगाईला. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून पलटणी हिंदी फौजेत सामील केल्या, त्यांतल्या एका रिसाल्याची ही २० डेक्कन हॉर्स झाली. शीख, जाट आणि दख्खनी मुसलमान असे स्वार असत, तेव्हा खान नाव अगदी बसतं.

पलटण १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरली. दोन वर्षं घोडे बांधून खंदकात चिखल तुडवला. मग १४ जुलै १९१६, फ्रान्सातल्या सोम नदीकाठच्या लढाईत, हाय वुड नावाच्या रानाजवळ संध्याकाळी सेव्हन्थ ड्रॅगून गार्ड्स हा गोरा रिसाला आणि डेक्कन हॉर्स भाले रोखून उभ्या पिकातून दौडत गेले. मशीनगनच्या जमान्यात भाले! तुमचे खानसाहेब त्या दौडीत होते की नाही हे पदक सांगत नाही. पण लिलावाच्या कॅटलॉगात ही ओळ आली की संग्राहकाचा हात वर जातो.

जालन्याचा_जावई :
म्हणजे १९१८ च्या हैफाच्या लढाईतले घोडेस्वार? दिल्लीतल्या तीन मूर्तीत हैदराबादचा पुतळा आहे तो यांचाच की.

पदकवेडा :
नाही हो, जावईबापू. तीन मूर्तीतला हैदराबादचा स्वार हा निजामाच्या स्वतःच्या संस्थानी फौजेतला, हैदराबाद लान्सर्सचा. सोबत जोधपूर आणि म्हैसूर. (ते तीनही पुतळे ब्राँझचे, शिल्पकार लिओनार्ड जेनिंग्स. कानस लावायला जाऊ नका.) डेक्कन हॉर्स ही इंग्रज सरकारची पलटण, वेगळी. १९२१ मध्ये ती २९ व्या लान्सर्सशी जोडली गेली, आणि डेक्कन हॉर्स आजही आपल्या लष्करात रणगाड्यांची रेजिमेंट म्हणून आहे. १९६५ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात असल उत्तरच्या लढाईत होती.

जालन्याचा_जावई :
बरं, सासुरवाडीची लाज राखायला एक विचारतो. आमच्या जालन्याकडं असईला इंग्रज-मराठ्यांची लढाई झाली, तिचं पदक असतं का?

पदकवेडा :
असतं, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, पण पदक मंजूर झालं १८५१ मध्ये. आर्मी ऑफ इंडिया मेडल, चांदीचं, लढाईच्या नावाची पट्टी वर. जे जिवंत होते आणि ज्यांनी अर्ज केला त्यांनाच. अठ्ठेचाळीस वर्षांनी कोण जिवंत असणार? त्यातून बहुतेक गोऱ्यांनाच मिळाली. असईची पट्टी असलेलं पदक मी फक्त कॅटलॉगात पाहिलंय. जालन्यात राहून. असो.

मोडी_अक्षर :
मोमिनाबादकर, चिठ्ठीचा फोटो जरा सरळ, उन्हाच्या तिरप्या उजेडात काढून टाका. मी परभणीची, मोडी वाचते. घाई नाही.

शहागंज :
तोपर्यंत मी दोन शब्द टाकतो. माझे वडील तीस वर्षं जुना माल घ्यायचे, हैदराबादचा जुमेरात बाजार आणि मुंबईची मटण स्ट्रीट (म्हणजे चोरबाजार) त्यांच्या पायाखालची. तुमच्याकडं आलेल्या माणसानं नवीन काही केलं नाही. ज्याचं कौतुक करतो त्याभोवती फिरायचं, आणि जे हवंय त्याला 'चिल्लर' म्हणायचं. तो पदकं एकदा तरी उलटी करून बघितली का हे आठवा. माझी पैज आहे, तुम्ही पाणी आणायला आत गेलात तेव्हा बघितली.

लिलावाचं सांगतो. तुमची वस्तू त्यांच्याकडं गेली की तिला लॉट नंबर पडतो. अंदाजे किंमत ते ठरवतात, तीही खालपासून वरपर्यंत अशी दोन आकड्यांत. राखीव किंमत तुम्ही सांगायची, म्हणजे तिच्याखाली हातोडा पडणार नाही. लोक हावेनं राखीव किंमत उंच ठेवतात आणि लॉट पडून राहतो. एकदा न विकला गेलेला लॉट पुढच्या लिलावात शिळा दिसतो, हे लक्षात ठेवा. हातोडा जितक्याला पडला तितके तुमच्या हातात येत नाहीत. त्यातून विक्रेत्याचं कमिशन जातं, काही ठिकाणी फोटोचे आणि विम्याचे पैसे वेगळे. घेणाऱ्यालाही हातोड्याच्या किमतीवर प्रीमियम आणि जीएसटी भरावा लागतो, म्हणून तो बोली लावताना ते आधीच मनात वजा करून बसलेला असतो. वस्तू देताना पावतीवर एकेक नग, वजन आणि कडेवरची अक्षरं लिहून घ्या. "जुनी पदके, दोन" अशी पावती घेऊन येऊ नका. पैसे यायला आठवडे लागतात, त्या भरवशावर कुणाला शब्द देऊ नका.

लातूरकाका :
ही पावतीची गोष्ट सोन्यासारखी. मी एकदा घड्याळ दिलं होतं, परत आलं तेव्हा पट्टा तोच, आतलं यंत्र दुसरं. कुणाला सांगणार? पावतीवर लिहिलं होतं 'घड्याळ १'.

नाझर :
कायद्याची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. बीडच्या कोर्टात चौतीस वर्षं काढली. १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षं झालेली कलावस्तू, नाणं, शिल्प ही पुरावस्तू, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. धातूची जुनी मूर्ती घरात असेल तर तिची पुरातत्त्व खात्याकडं नोंद करून घ्यावी लागते. तुमचा खंडोबा त्या वयाचा असेल तर त्याचाही कागद करा. देशाबाहेर पाठवायचं तर मुळीच नाही, ते फक्त सरकार करू शकतं. परदेशातला कुणी फेसबुकवर भाव देत असेल तर त्याला नमस्कार सांगा. पहिल्या महायुद्धाची पदकं आता शंभरी ओलांडून गेलेली आहेत, कुरिअरवाल्याच्या पिशवीत टाकायच्या आधी विचार करा.

आणि वाडा पाडताय म्हणून वेगळं सांगतो. भिंतीत, जमिनीत काही पुरलेलं निघालं तर १८७८ चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांच्या वर किंमत असली की कलेक्टरला कळवायचं. गवंड्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर निम्मं त्यांच्या डब्यात जाईल आणि नाव तुमचं येईल.

तांबट_आळी :
नाझरसाहेबांना दुजोरा. १९७४ साली गोदावरीच्या पलीकडं दायमाबादला झाडाचं मूळ खणताना बैलगाडीसारखा रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा असे चार ब्राँझ निघाले, भरीव, सगळे मिळून साठ किलोच्या वर. तेव्हा कुणी किलोच्या भावानं मोडीत घातले असते तर आपल्या ताम्रपाषाण युगातल्या ओतकामाचं केवढं दालन बंद झालं असतं. भंगाराच्या काट्यावर कितीतरी गेलंही असेल.

मोमिनाबादकर :
दोन बातम्या. एक, कानस ओढली. पांढुरकं निघालं. बोटाच्या जागीही साखरेसारखे पांढरे दाणे. मडम स्पेल्टरची. चुलत भाऊ दोन दिवस झाले माझ्याशी बोलायला नाही. दोन, आई म्हणाली खंडोबा कागद करून देवघरातच बसेल, विकायचा विषय पुन्हा काढायचा नाही. मोडीचा नवा फोटो टाकलाय.

मोडी_अक्षर :
वाचली. हात सुबक आहे, कारकुनी. एक शब्द डागाखाली गेलाय, बाकी स्वच्छ. मायना असा :

"श्री. गहाण. तमगे नग ३. असामी (नाव), सवार पेन्शनर, वस्ती छावणी मोमिनाबाद. रुपये ७ हाली. व्याज दरमहा दरशेकडा १॥. सन १३३४ फसली."

तमगे म्हणजे पदकं. निजामाच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी येतो, म्हणजे १९२४-२५. दादा, तुमचे पणजोबा लढाईला गेले नव्हते. ते सावकारी करत होते.

खुळखुळा :
😶

उदगीरची_पोर :
सात रुपये. फ्रान्सला जाऊन, चिखल तुडवून, परत येऊन, सात रुपये.

लातूरकाका :
हाली म्हणजे निजामाचा चारमिनारवाला रुपया बरं का पोरी. इंग्रजांचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब माझ्या आजोबांच्या तोंडी असायचा. नळदुर्गच्या बाजारात एका हातात हाली आणि दुसऱ्या हातात कलदार असायचे म्हणे.

पदकवेडा :
चिठ्ठीत "नग ३" आहे इकडं कुणाचं लक्ष गेलं का? तिसरं कुठंय? पलटण १९१४ च्या ऑक्टोबरात फ्रान्सला उतरली, तेव्हा खानसाहेब पहिल्या तुकडीत असतील तर तिसरं पदक म्हणजे १९१४ चा स्टार. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या दिवसांत फ्रान्स-बेल्जियममध्ये जे होते त्यांनाच हा. ब्राँझचा, चार टोकांचा, दोन तलवारी तिरप्या, वर मुकुट, मधल्या पट्टीवर १९१४. नाव मागच्या सपाट बाजूला. हा असेल तर जोडीचा संच होतो आणि किंमत पार बदलते. घर पालथं घाला.

मोमिनाबादकर :
बाकीच्यांना विचारलं. काकू म्हणाल्या पोरांनी खेळण्यात घालवला असेल. पेटीचे चोरकप्पेही बघून झाले. नाही.

मोमिनाबादकर :
सापडला!!! लिहिताना हात कापायलाय. रात्री आत्याचा फोन आला, परळीहून. तिला व्हॉट्सॲपवर पदकवेडा यांनी लिहिलेलं वर्णन वाचून दाखवलं होतं. म्हणाली, "अरे, दोन तलवारी आणि वर मुकुट? ते तर आपल्या महालक्ष्मीचं फूल!" आमच्याकडं गौरी उभ्या असतात, मुखवटे पितळी, साड्या नेसवून उभ्या करतात. जेष्ठेच्या पदराला खांद्यावर टाचायला एक 'फूल' होतं, मागं टाका मारून पिन लावलेलं. आजीनं ते आत्याला लग्नात दिलं, तिच्याकडं दरवर्षी लागतं. फोटो आला. मागच्या बाजूला पिनेच्या टाक्यानं दोन अक्षरं खाल्लीत, बाकी नंबर तोच, नाव तेच.

मोडी_अक्षर :
शंभर वर्षं महालक्ष्मीच्या खांद्यावर. आणि कुणी घासलंही नसेल, देवाचं म्हणून.

मोमिनाबादकर :
ताई, दरवर्षी चिंच लावून घासायची म्हणे.

पदकवेडा :
😭 असू द्या. टाका मारलेला स्टार हे दोषच, कॅटलॉगात लिहावं लागेल. तरी तीन पदकं एका नावाची, मोडी चिठ्ठीसकट, असा संच मी मराठवाड्यात पाहिला नाही. शहागंजसाहेब म्हणाले तसं राखीव किंमत बेतानं ठेवा. मीही बोली लावेन हे आत्ताच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको की फुकटचा सल्ला देऊन स्वस्तात घेतलं.

नाझर :
थांबा. कुणी विचारत नाही म्हणून मी विचारतो. ही वस्तू देशपांड्यांची आहे का?

गहाण म्हणजे विक्री नव्हे. करार कायदा १८७२ चं कलम १७६ सांगतं की सावकाराला गहाण वस्तू विकायची तर आधी वाजवी नोटीस द्यावी लागते. कलम १७७ सांगतं की प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत ठेवणाऱ्याला ती सोडवून घेता येते. मुदतीच्या कायद्यात, १९६३, अनुच्छेद ७०, गहाण ठेवलेली जंगम वस्तू परत मागायला तीन वर्षं आहेत, पण ती मोजायची कुठून? मागणी केली आणि नकार मिळाला, त्या दिवसापासून. खानांच्या कुणी मागितल्याची आणि तुमच्याकडच्यांनी नाही म्हटल्याची नोंद आहे का? तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, कायद्याचा कागद वेगळा, हे मला माहीत आहे. तत्त्व हेच. लिलावात चिठ्ठी दाखवून किंमत वाढवणार असाल तर त्याच चिठ्ठीत मालक कोण हेही लिहिलंय.

लातूरकाका :
नाझरसाहेब, शंभर वर्षं झाली हो. सातच रुपये होते.

नाझर :
म्हणूनच म्हणतो.

शहागंज :
धंद्याच्या बाजूनं सांगतो, कोर्टाच्या नाही. मालकीबद्दल प्रश्न असलेला लॉट चांगला लिलाववाला घेत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ मध्ये लाखो डॉलर मोजून तमिळनाडूतला चोरीचा नटराज घेतला आणि २०१४ मध्ये मुकाट्यानं परत दिला. तुमचं प्रकरण चोरीचं मुळीच नाही. पण वस्तू कुठून कुणाकडं आली ही साखळी आता सगळे विचारतात. आणि तुमच्या साखळीतली पहिलीच कडी उघडी आहे.

मोमिनाबादकर :
आठ दिवस काही लिहिलं नाही, कारण शोध चालू होता. छावणीत आता फक्त नाव उरलंय. चुलत भावानंच (बोलायला लागला) पानठेल्यावर विचारलं, तिथून मशिदीजवळच्या एका चाचांपर्यंत, तिथून परळी वेशीकडं. नातू सापडले. एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर्ड. आजोबा फ्रान्सला होते हे त्यांना माहीत होतं, घरात 'फ्रान्सवाले दादा' म्हणायचे. तमगे कुठं गेले हे माहीत नव्हतं. त्यांच्या वडिलांना वाटायचं गल्लीतल्या कुणीतरी चोरले.

मी पदकं टेबलावर ठेवली. त्यांनी चष्मा काढून कड वाचायचा प्रयत्न केला, इंग्रजी म्हणून मला वाचायला लावलं. नाव आलं तेव्हा मान हलवली. मी म्हणालो, घेऊन जा चाचा. तर म्हणाले, "असं कसं? दादांनी ठेवलेत, सोडवावे लागतील. व्याज किती झालं?"

आता हा हिशेब करायचा कसा? दरमहा शेकडा दीडनं शंभर वर्षांचं व्याजच सव्वाशेच्या वर जातं. बाबा आतून आले, ऐंशी वर्षांचे आहेत, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दामदुप्पट. मुद्दलाच्या वर व्याज घ्यायचं नाही, ही आपल्या घराची चाल आहे. चौदा रुपये हाली."

उदगीरची_पोर :
मग??

मोमिनाबादकर :
मग चाचा शुक्रवारी आले. फडक्यात चारमिनारचे रुपये, त्यांच्या आईच्या गळ्यातल्या माळेतले, वर कड्या लावलेले. नऊच. म्हणाले, पाच राहिले, दोन महिन्यांत देतो. पदकवेडा यांना फोन करून विचारलं तर म्हणाले चांदी ८१.८ टक्के, वजन ११ ग्रॅमच्या वर, म्हणजे नऊ रुपयेही आज काही कमी नाहीत, घेऊ नका. बाबांनी घेतले. नाही घेतले तर ते तमगे उचलणार नव्हते. जुन्या चिठ्ठीच्या पाठीवर बाबांनी लिहिलं, "पैकी जमा रु. ९ हाली, बाकी रु. ५ हाली, तमगे नग ३ परत." खाली दोघांच्या सह्या. चिठ्ठी पेटीत ठेवलीय. स्टार आत्यानं स्वतः आणून दिला, म्हणाली यंदा जेष्ठेला सेफ्टी पिन लावीन.

पदकवेडा :
माझी बोली मागे घेतो. ते पाच हाली मी चाचांना पाठवू का?

नाझर :
नका. त्यांचं कर्ज आहे.

मोमिनाबादकर :
नाझरसाहेब बरोबर. आणि हो, तो संभाजीनगरचा माणूस पुन्हा आला होता. पदकं नाहीत म्हटल्यावर मडमचे दोन हजार म्हणाला. चुलत भाऊ पाच मागायलाय. तांबटदादा, जस्ताची असली तरी बोट जोडून मिळेल का कुठं? आई म्हणते नवीन घराच्या जिन्यात उभी करू, दिव्याला वायर आधीच आहे.

तांबट_आळी :
मिळेल. पण वेल्डिंगच्या आचेला ती धातू वितळते, म्हणून वेल्डिंगवाल्याकडं देऊ नका. नांदेडला घेऊन या, मी करतो. तुटलेलं बोट आहे का सापडलेलं?

मोमिनाबादकर :
नाही. ते बहुतेक मीच तोडलंय, तिसरीत असताना.